पगारातले दोनशे रुपये कोणी नेले?

पहिल्या पगाराचा मेसेज आला की आपण आधी आकडा बघतो आणि लगेच कपाळाला आठ्या पडतात. ठरले होते वीस हजार, मग आले कमी का? सॅलरी स्लिप उघडली की पीएफच्या खाली एक बारीक ओळ दिसते. ‘पी. टी. – २००’. ऑफिसमधला कोणी तरी सीनियर समजावतो, ‘प्रोफेशन टॅक्स रे, व्यवसाय कर. सगळ्यांचाच कापतात.’ फेब्रुवारीत तर तीनशे जातात. तुम्ही कशावर सही केलेली नसते, तुम्हाला कोणी विचारलेलं नसतं. पैसे हातात यायच्या आधीच गेलेले असतात.

मग संध्याकाळी मोबाइलवर ते रील येतंच. बजेटच्या आसपास तर अशा रील्सचा पूर असतो. काळा चष्मा लावलेला एक जण सांगतो, की तुमच्या परवानगीशिवाय तुमच्या खिशातून पैसे काढले तर ती चोरी, मग सरकारने काढले तर तो टॅक्स कसा? विद्यानगरच्या कट्ट्यावर यावर चहा संपेपर्यंत वाद होतो आणि शेवटी सगळे ‘बरोबर आहे यार’ म्हणून उठतात. जो म्हणतो ‘मी कुठे टॅक्स भरतो, मी स्टुडंट आहे’, त्याने कालच २९९ चा रिचार्ज मारलेला असतो. त्यात १८ टक्के जीएसटी आहे, म्हणजे साधारण ४५ रुपये ६० पैसे. तेव्हा या प्रश्नात आपण सगळेच आहोत.

हा प्रश्न येडपटपणाचा आहे असं मला अजिबात वाटत नाही. त्यामागे एक जबरदस्त युक्तिवाद आहे आणि तो रीलवाल्याने शोधलेला नाही. रॉबर्ट नोझिक नावाच्या अमेरिकन तत्त्वज्ञाने १९७४ मध्ये एका पुस्तकात तो मांडला. त्याचं म्हणणं असं, की कष्टाच्या कमाईवरचा कर आणि वेठबिगारी यांत फरक नाही. आपलंच उदाहरण घ्या. महिना वीस हजार, पंचवीस दिवस काम, दिवसाला आठ तास. म्हणजे तासाला शंभर रुपये. दोनशे कापले याचा अर्थ महिन्यातले दोन तास तुम्ही दुसऱ्या कुणासाठी तरी राबलात, आणि ‘नको’ म्हणायची सोय नव्हती.

यावर आपण चटकन उत्तर देतो, ‘पण आपणच सरकार निवडून देतो ना!’ एवढ्याने भागत नाही. हॉस्टेलच्या खोलीत तुम्ही पाच जण राहता. चौघांनी हात वर करून ठरवलं, की तुमचा फोन विकून पार्टी करायची. मतदान झालं, बहुमत मिळालं. म्हणून ती चोरी व्हायची थांबली का? नाही ना. म्हणजे नुसत्या बहुमताने काम होत नाही. नुसत्या कायद्यानेही होत नाही. राज्यघटनेचं कलम २६५ सांगतं, की कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर लावता किंवा वसूल करता येणार नाही. चांगलंच आहे. पण कायदा तर इंग्रजांकडेही होता.

आणि इंग्रजांच्या करावर इथल्या लोकांनी काय केलं, ते बघायला कराडहून फार लांब जायला नको. मिरजेच्या बाजूला जाणाऱ्या पॅसेंजरमध्ये बसा, पुढचं स्टेशन शेणोली. ७ जून १९४३ ला या शेणोलीजवळ तुफान सेनेच्या पोरांनी रुळांवर दगड रचून गाडी थांबवली. गाडीत सरकारी पगाराची रक्कम होती. ती घेऊन ते पसार झाले. तुफान सेना म्हणजे क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रति सरकारचं सशस्त्र दल. तेव्हा सांगली हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा सातारा एकच. पुढच्याच वर्षी, १४ एप्रिल १९४४ ला, याच लोकांनी थेट खानदेशात जाऊन चिमठाण्याजवळ धुळ्याचा सरकारी खजिना उचलला. सरकारदरबारी याची नोंद दरोडा अशीच होणार, दुसरी काय होणार?

पण कुंडलचे कॅप्टन भाऊ लाड म्हातारपणी याबद्दल बोलायचे तेव्हा ‘लूट’ या शब्दालाच हरकत घ्यायचे. त्यांचं म्हणणं असं, की तो पैसा इंग्रजांनी इथल्या लोकांकडून चोरलेला होता. आम्ही तो परत आणला.

आता बघा, गाडीतला तो पैसा कुठून आला होता? शेतसारा, मिठावरचा कर, कसले कसले कर. सगळं कायदेशीर, पावतीसकट. मग भाऊंना ती चोरी का वाटली? इंग्रज परके होते हे झालंच, पण नुसतं तेवढं नाही. सप्टेंबर १९३९ मध्ये व्हाइसरॉयने इथल्या कुणालाही न विचारता भारत महायुद्धात उतरल्याचं जाहीर केलं. निषेध म्हणून काँग्रेसच्या मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले आणि मुंबई प्रांतात गव्हर्नरचा कारभार सुरू झाला. म्हणजे १९४३ मध्ये शेणोलीचा शेतकरी जो सारा भरत होता, त्याचा दर बदला असं सांगायला, तो कुठे खर्च केला असं विचारायला त्याच्याकडे निवडलेलं सरकारच नव्हतं. त्याआधी होतं तेव्हाही मत द्यायचा हक्क होता मालमत्तावाल्यांना आणि थोड्याफार शिकलेल्यांना. विचारायचे सगळे दरवाजे बंद झाल्यावर मग रुळांवर दगड आले.

भाऊंची बाजू आपल्याला लगेच पटते, कारण ती आपली बाजू आहे. म्हणून एक न पटणारं उदाहरणही बघूया. चौथाई. मराठे ज्या मुलखातून महसुलाचा चौथा हिस्सा घ्यायचे तो हक्क. आपल्या इतिहासाच्या पुस्तकात तो अभिमानाने येतो. पण बंगालमध्ये आजही लहान मुलाला झोपवताना आया जे अंगाईगीत म्हणतात, त्यात बर्गी येतात. बर्गी म्हणजे आपले बारगीर, नागपूरकर भोसल्यांचे स्वार. १७४०च्या दशकात दरवर्षी येणारे. गाण्यातल्या आईला प्रश्न पडलाय, की पीक तर गेलं, आता खाजना, म्हणजे कर, भरायचा कशातून? १७५१ च्या तहात बंगालच्या नवाबाने वर्षाला १२ लाख चौथाई कबूल केली तेव्हा स्वाऱ्या थांबल्या. घेणारा त्याला हक्क म्हणत होता, देणारी माउली त्याला काय म्हणत असेल? तिलाही कोणी विचारलं नव्हतं. (‘लूट’ हा शब्द इंग्रजीने आपल्या इकडच्या भाषांमधूनच उचलला, हेही जाता जाता.)

म्हणजे पैसे घेताना बघून कर आणि चोरी यांत फरक सांगता येत नाही. दोन्हीकडे हात खिशातच जातो. फरक शोधायचा तर त्याच्या आधी आणि नंतर बघावं लागतं. आधी म्हणजे, दर कोणी ठरवला आणि तो बदलता येतो का. नंतर म्हणजे, पैसा कुठे गेला आणि ते विचारता येतं का.

‘आधी’ची गोष्ट सांगायला कराडएवढी योग्य जागा दुसरी नसेल. प्रीतिसंगमावर ज्यांच्या समाधीपाशी आपण फोटो काढतो, ते यशवंतराव चव्हाण १९७० ते १९७४ देशाचे अर्थमंत्री होते. १९७१ च्या त्यांच्या अर्थसंकल्पानंतर आयकराचा सर्वोच्च दर किती झाला, माहितीये? ९७.७५ टक्के. टायपिंगची चूक नाही. मूळ दर ८५ टक्के, त्यावर १५ टक्के अधिभार. दोन लाखांच्या वरच्या प्रत्येक शंभर रुपयांतले सव्वादोन रुपये कमावणाऱ्याकडे राहायचे. दोन लाख तेव्हा फार मोठी रक्कम होती आणि हा दर फक्त त्यावरच्या उत्पन्नाला होता, हे खरं. तरीही शंभरातले पावणेअठ्ठ्याण्णव! त्या वर्षांत नोझिक मुंबईत राहत असता, तर त्याला पुस्तक लिहायला आणखी घाई झाली असती.

ही चोरी होती का? मला विचाराल, तर चोरी नाही, पण तिच्या बांधापर्यंत गेलेली गोष्ट होती. समानता आणायच्या हेतूने झालं होतं, कबूल. पण त्या शेवटच्या रुपयासाठी कष्ट करण्यात काही अर्थच उरत नव्हता. अर्थ होता तो फक्त उत्पन्न लपवण्यात. हे मी शहाणपणाने आज म्हणतोय असं नाही. सरकारनेच नेमलेल्या वांच्छू समितीने डिसेंबर १९७१ मध्ये अहवाल दिला आणि करबुडवेगिरीचं पहिलं कारण म्हणून इतक्या चढ्या दरांकडे बोट दाखवलं. पुढे १९७४ च्या अर्थसंकल्पात यशवंतरावांनीच सर्वोच्च दर ७७ टक्क्यांवर आणला. ७७ सुद्धा आज ऐकताना गरगरतं, पण मुद्दा वेगळा आहे. ज्याने दर वाढवला त्यालाच भर सभागृहात, कारणं देऊन, तो कमी करावा लागला. आणि त्याच वर्षी तिकडे नोझिकचं पुस्तक बाहेर पडत होतं. एकाच वर्षातल्या या दोन गोष्टी शेजारी ठेवून बघा. कुठल्या चोराने कधी समिती नेमून स्वतःचा दर कमी केलाय?

यावर रीलवाला म्हणेल, ‘ठीक आहे, चोर सभ्य निघाला. पण माझे पैसे ते माझेच ना?’ इथे लियाम मर्फी आणि थॉमस नेगल या दोघांचं २००२ सालचं उत्तर मला पटतं. ते म्हणतात, कर कापायच्या आधीचा पगार ‘पूर्णपणे माझा’ असं आपण धरून चालतो, तिथेच गडबड आहे. तुमचे वीस हजार कंपनीने दिले ते करार पाळला गेला म्हणून. करार पाळला जातो कारण कोर्ट आहे. नोटेला किंमत आहे कारण रिझर्व्ह बँक आहे. तुम्ही त्या नोकरीला लायक झालात त्यातही कुणाचा तरी पैसा आहे. कराडचं सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज १९६० चं. तिथे आजवर शिकलेल्या प्रत्येकाच्या शिक्षणात अशा कुणाच्या तरी काडेपेटीवरचा, साखरेवरचा कर आहे ज्याने कॉलेजची पायरी कधी चढली नाही. हॉस्टेलवरचा फोन तुमचा होता. पगार थोडा जास्त गुंतागुंतीचा आहे.

हाच मुद्दा उलट्या बाजूने महात्मा फुल्यांनी कधीच मांडून ठेवलाय. फुल्यांचं मूळ गाव आपल्याच जिल्ह्यातलं, खटाव तालुक्यातलं कटगुण. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी सांगितलं, की सरकारी तिजोरीत पैसा येतो रयतेच्या घामातून आणि सरकार शिक्षणावर खर्च करतं ते वरच्या वर्गांसाठी. सरकारने कर घेऊ नये, असं ते म्हणाले नाहीत. ज्याचा पैसा त्याच्या पोरांच्या शाळेसाठी द्या, असं म्हणाले. ही झाली ‘नंतर’ची गोष्ट, आणि माझ्या मते खरी चोरी पकडायची जागा हीच.

तर आता परत आपल्या त्या दोनशे रुपयांकडे येऊ. ते गेले कुठे?

त्याचं उत्तर तासगाव तालुक्यात सापडतं. विसापूरचे वि. स. पागे, गांधीवादी माणूस, अनेक वर्षं विधान परिषदेचे सभापती. दुष्काळी भागातल्या माणसाला धान्य वाटण्यापेक्षा, मागेल त्याला काम द्यायची हमी सरकारने घ्यावी, असं त्यांच्या डोक्यात होतं. १९६९ च्या सुमाराला तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग झाला. मग १९७२ चा दुष्काळ आला. तुमच्या आजी-आजोबांना ‘बहात्तरचा दुष्काळ’ एवढंच म्हणा आणि बघा. लाखो लोक खडी फोडायला, पाझर तलाव खणायला, रस्त्याच्या कामावर होते. कराडचा आपला पट्टा कृष्णा-कोयनेच्या पाण्यावरचा, इथे ऊस. पण इथून पूर्वेला तास-दोन तास गेलं की माण, खटाव, आटपाडी, जत. पाऊस तिथवर पोचेपर्यंत दमतो.

रोजगार हमी कायम चालवायची तर कायमचा पैसा हवा. म्हणून १९७५ मध्ये व्यवसाय कराचा कायदा आला. शहरात महिन्याच्या महिन्याला ज्यांचा पगार नक्की होतो, त्यांनी थोडं द्यायचं, आणि ज्यांची रोजची भाकरी नक्की नाही त्यांना त्यातून काम मिळणार. कर फक्त नोकरदारांवरच नव्हता. बागायती जमिनीवरही आकारणी होती. म्हणजे आपल्या भागातल्या ऊसवाल्यांवरही. तुमच्या ओळखीत कुणाचं दुकान असेल तर नगरपालिकेचं मालमत्ता कराचं बिल मागून बघा, ‘रोजगार हमी कर’ असा रकाना दिसेल. १९७७ मध्ये रोजगार हमीचा कायदा झाला, २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाला. मागेल त्याला काम हा कायदेशीर हक्क, आणि तो एका राज्याने आपल्या कराच्या जिवावर दिलेला. संपूर्ण देशाला असा कायदा मिळायला २००५ उजाडलं.

नोझिकचं गणित आता परत मांडा. तुम्ही दोन तास दुसऱ्यासाठी राबलात, खरं. पण ती ‘दुसरी’ आटपाडीच्या उन्हात दिवसभर खडी फोडत होती, फुकट बसून खात नव्हती. तुमच्या दोन तासांनी तिला काम दिलं आणि तिच्या कामातून तलाव आणि रस्ता झाला. याला वेठबिगारी म्हणायची माझी जीभ रेटत नाही.

व्यवसाय कराची आणखी एक गंमत आहे. राज्यघटनेच्या कलम २७६ ने त्याला कुलूप लावलंय, वर्षाला २५०० च्या वर घ्यायचा नाही. १९८८ मध्ये ही मर्यादा २५० वरून वाढवली, तेव्हापासून तिथेच आहे. २०० गुणिले ११, अधिक फेब्रुवारीचे ३००. बरोबर २५००. फेब्रुवारीत जास्त का कापतात, या प्रश्नाचं हे उत्तर. आणि मुलींनो, तुमचा पगार २५ हजारांपर्यंत असेल तर महाराष्ट्रात २०२३ पासून हा कर तुम्हाला नाही. तरीही कापत असतील तर एचआरला जाऊन विचारा.

मग सगळं आलबेल आहे का? अजिबात नाही. रोजगार हमीच्या कामांवर बोगस मस्टर हा प्रकार गावोगाव ऐकायला मिळतो. हजेरीपटावर नाव आहे, अंगठा आहे, माणूस मात्र त्या दिवशी कामावर नव्हताच. किंवा माणूसच नव्हता. ही शुद्ध चोरी आहे, आणि ती कर भरणारा आणि खडी फोडणारी या दोघांच्याही खिशातली आहे. वरच्या पातळीवर बघायचं, तर २०२० मध्ये कॅगने दाखवून दिलं, की राज्यांना भरपाई म्हणून गोळा केलेल्या जीएसटी उपकरातले ४७,२७२ कोटी रुपये केंद्राने दोन वर्षांत त्या ठरावीक निधीत टाकलेच नाहीत, स्वतःच्या एकत्रित निधीतच ठेवले. अर्थ मंत्रालयाने खुलासा केला, की हिशेब जुळेपर्यंतची ती तात्पुरती व्यवस्था होती. खुलासा पटो न पटो, एका कामाचं नाव सांगून घेतलेला पैसा दुसरीकडे राहिला, तर भरणाऱ्याने कोणता शब्द वापरायचा?

फरक एवढाच, की हे आपल्याला कळलं. कॅगचा अहवाल सभागृहात येतो. माहितीचा अधिकार आहे, तो महाराष्ट्रात देशाच्या आधी आला. मस्टर मागता येतं. घरपट्टी भरली की पावती मिळते आणि ती कशावर खर्च झाली हे ग्रामसभेत उभं राहून विचारता येतं. शेणोलीच्या शेतकऱ्याला १९४३ मध्ये यातलं काही नव्हतं. म्हणून ‘टॅक्स म्हणजे चोरी’ हे वाक्य त्याच्या तोंडी खरं होतं आणि तुमच्या-माझ्या तोंडी नाही, असं मी म्हणतो.

पण एका माणसाबद्दल मला हे छातीठोकपणे म्हणता येत नाही. दिवाळीनंतर आपल्याकडे बीडकडून टोळ्या येतात. कारखान्याच्या आसपास, ऊसाच्या फडाला लागून पालं पडतात. २६ जानेवारीला त्यांच्या गावात ग्रामसभा भरते तेव्हा ते इथे आपल्या शेतात कोयता चालवत असतात. इथल्या ग्रामसभेत त्यांचं नाव नाही, तिथल्या ग्रामसभेत ते स्वतः नाहीत. पोरं इथल्या शाळेत टिकत नाहीत, तिथली शाळा सुटलेली असते. संध्याकाळी त्यातला एखादा पोरगा, तुमच्याच वयाचा, कारखान्याच्या गेटसमोरच्या टपरीवर येतो आणि २९९ चा रिचार्ज मारतो. त्यातले तेच ४५ रुपये ६० पैसे जातात. तुमच्याएवढेच.